एस्तेरकाकूंचा एकच शब्द

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी एस्तेरकाकूंना कळायचं. त्या समोरच्या दारात राहतात. एस्तेर शिरसाठ. शरणपूर रोडच्या बाजूला एका दवाखान्यात आयाबाई म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. नवरा लवकर गेला. मुलगा रूबेन अंबडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि सून सायली मेडिकलच्या दुकानात जाते. निवृत्त झाल्यावर काकू घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्या बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कापडी पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, घालायचं, वर एखादं केळं नाहीतर चिकूची पिशवी ठेवायची, आणि निघायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा दारू पिणारा नवरा. बोलावलं तरी जायच्या, नाही बोलावलं तरी.

त्यांची प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. आम्ही बौद्ध. घरात बुद्धाची मूर्ती आहे, वंदना आहे, पण कुणापुढे मागणं मागायची आमची रीत नाही. तरी काकू आल्या, सासूबाईंच्या पायापाशी बसल्या आणि डोळे मिटून थेट बोलायलाच लागल्या.

"प्रभू, ही बाई घाबरलीये. सांगत नाही, पण घाबरलीये. सकाळपासून तिनं घासभर खाल्लं नाही. तू इथं आहेस हे तिला माहीत नाही, तर जरा जवळ बस तिच्या. आणि उद्या त्या डॉक्टरचा हात धर. आमेन."

एवढंच. मग म्हणाल्या, "चैताली, भात टाक गं मऊसा. आता खातील त्या."

सासूबाई खरंच जेवल्या. का ते मला आजही सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी गणपती उठल्यावरचा रविवार होता. काकू चर्चला जायला निघाल्या होत्या. पांढरी साडी नेसून झाली होती, रूबेन खाली गाडी काढत होता. सायलीचा किंचाळण्याचा आवाज आला म्हणून मी धावले. काकू कपाटाला टेकून खाली बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि निऱ्या सुटून पायात आल्या होत्या. त्या डाव्या हातानं निऱ्या गोळा करायचा प्रयत्न करत होत्या. मला तेवढंच आठवतं.

पॅरालिसिसचा झटका होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, मनात सगळं आहे, पण मेंदूतला शब्दांचा भाग दुखावलाय. अशा पेशंटला कधी कधी एखादाच शब्द उरतो.

काकूंना "नको" उरला.

चहा पाहिजे असला तरी "नको". पाठ खाजवून पाहिजे असली तरी "नको". सुरुवातीला सायली चहा परत न्यायची, मग काकू डोळे वटारून "नको! नको!" करायच्या, मग ती परत आणायची. एकदा दोघी हसल्यासुद्धा. पण ते हसू फार दिवस पुरलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, गाणी म्हणवून घ्या, गाण्यातून शब्द येतात कधी कधी. चर्चमधल्या महिला मंडळाच्या बायकांनी पलंगाभोवती बसून त्यांची आवडती गीतं म्हटली. काकूंच्या गळ्यातून चाल यायची, थरथरत, बरोबर सुरात. शब्द एकही नाही.

मग चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवून खूप मनापासून प्रार्थना केली. ती संपल्यावर सगळे "आमेन" म्हणाले. काकूंनीही ओठ जुळवले. सगळी ताकद लावली, कपाळाची शीर फुगली. आणि बाहेर आलं ते "नको".

कुणी वर बघेना. पाळकसाहेब म्हणाले, "असू द्या मावशी, प्रभूला कळतं." पण काकूंनी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. एकदा, दोनदा. सायलीनं हात धरून ठेवला तेव्हा थांबल्या.

ते गेल्यावर रूबेन जिन्यात उभा होता. मला म्हणाला, "चैतालीताई, जन्मभर लोकांची घाण उपसली तिनं. पाय घ्यायचे होते तर घ्यायचे. तोंड कशाला घेतलं? तिच्याकडे दुसरं होतं काय?" त्यानंतर तो चर्चला गेला नाही.

हळूहळू बायकांचं येणं कमी झालं. त्यांचा दोष नाही, प्रत्येकीला घर आहे. रूबेनची रजा संपली. सायलीला दुकान सोडणं परवडणारं नव्हतं. मी शिकवते ती शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी त्यांच्याकडे बसायला लागले. त्यांना कुशीवर वळवायचं, डायपर बदलायचं, पेज भरवायची. ज्या बाईनं हे सगळं शेकडो लोकांचं केलं, ती माझ्याकडून करून घेताना भिंतीकडे तोंड फिरवायची. बरं होईल म्हणावं तर खोटं. फिजिओथेरपीवाला मुलगा येऊन हात हलवून जायचा, हात पुन्हा तसाच पडायचा.

त्या दिवसांत काकूंनी बायबलच्या त्या पिशवीकडे बघणंही सोडलं होतं. माझ्या मनात आलं, संपलं हे. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, दुःख आहे ते आहे, त्याच्याकडे सरळ बघावं. पण काकूंचं दुःख नुसतं आजारपणाचं नव्हतं. ज्याच्याशी त्या रोज बोलायच्या त्याच्याशी त्यांचं बोलणं तुटलं होतं. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

दिवाळीनंतरची एक दुपार. मीच पिशवीतून पुस्तक काढलं. म्हटलं, "काकू, वाचू का?" मला कुठून काय वाचायचं माहीत नव्हतं. खुणेची फीत जिथे होती तिथून दोन-तीन स्तोत्रं वाचली. देव माझा मेंढपाळ, देव माझा आसरा. काकूंनी डाव्या हातानं पान ढकललं. मी पुढे गेले. पुन्हा ढकललं. कंटाळून मी मागच्या बाजूला कुठंतरी उघडलं आणि सपाट आवाजात, वर्गात धडा वाचावा तसं वाचायला लागले.

येशू पकडला जायच्या आधीची गोष्ट होती. तो एका बागेत जातो. सोबत्यांना म्हणतो, जागे राहा, माझा जीव फार कासावीस झालाय. ते झोपून जातात. मग हा जमिनीवर पालथा पडतो आणि बापाला विनवतो, की शक्य असेल तर हे माझ्यावरून टळू दे.

काकूंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बंद कर म्हणतायत. मी पुस्तक मिटायला लागले तर त्यांनी जोरात मान हलवली. बोट त्या ओळीवर ठेवलं. "नको." मग बोट स्वतःच्या छातीवर. "नको." पुन्हा ओळीवर.

मला कळायला वेळ लागला. मग मी म्हटलं, "काकू, तोही 'नको'च म्हणतोय?"

त्यांचा चेहरा फुटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. अर्धा चेहरा हलत नव्हता, अर्ध्यातून रडू आणि हसू एकदमच बाहेर आलं. मी तो भाग पुन्हा वाचला. पुन्हा. त्या बागेत तो तीनदा तेच मागणं मागतो, आणि दर वेळी काकू त्याच्याबरोबर म्हणत होत्या. शेवटी तो म्हणतो, माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तिथे त्या गप्प राहिल्या. डोळे मिटून बराच वेळ. मला वाटलं झोपल्या, पण ओठ हलत होते.

त्या दिवसापासून त्यांची प्रार्थना पुन्हा सुरू झाली. शब्द तोच. पण त्यात चढउतार आले. सकाळी सायली डबा घेऊन निघाली की हात वर करून हळूच, लाडानं, "नको नको". रूबेन रात्रपाळीहून आला की त्याच्या पाठीवर हात फिरवत, विचारल्यासारखं. काय म्हणतायत ते आम्हाला नेमकं कळायचं नाही. पण ज्याच्याशी बोलत होत्या त्याला कळतंय, याबद्दल त्यांना शंका दिसत नव्हती. तब्येत तशीच होती. पाठीला जखम व्हायला लागली होती. आणि बाई मात्र आनंदात. मला तेव्हा हे विचित्र वाटायचं. खरं सांगायचं तर थोडं भीतीदायकही.

जानेवारीत तळमजल्यावरच्या बिलकिसचे सासरे, इब्राहिमचाचा, अत्यवस्थ झाले. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. बिलकिस वर आली, दारातच उभी राहिली. तिची आई लहानपणीच गेलेली, या सासऱ्यांनी तिला मुलीसारखं सांभाळलं होतं.

"आंटी, अब्बांसाठी दुवा करा ना," ती म्हणाली. मग तिला आठवलं आणि ती गडबडली. "नाही म्हणजे... जाऊ द्या."

काकूंनी डावा हात पुढे केला. बिलकिस पलंगाशी खाली बसली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, वर छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको."

मग मोठ्यानं, "नको! नको!" भांडत होत्या त्या कुणाशी तरी. गालावरून पाणी वाहत होतं. बिलकिस ओढणीत तोंड खुपसून रडली.

इब्राहिमचाचा तिसऱ्या दिवशी गेले.

चाळिसावं झाल्यावर बिलकिस खिरीचं भांडं घेऊन वर आली. चाचा तर वाचले नव्हते, म्हणून मला संकोच वाटत होता. ती पलंगावर काकूंजवळ बसली आणि चमच्यानं खीर भरवायला लागली. मला म्हणाली, "ताई, सगळे येत होते ना, सब यही बोले, अल्लाची मर्जी, सबर करो. बरोबर आहे ते, मीपण मानते. पण त्या दिवशी माझ्या दिलात जे होतं ते फक्त आंटी बोलल्या."

काकूंनी तिच्या हाताचा मुका घेतला. खीर हनुवटीवर सांडली.

मार्चमध्ये दुसरा झटका आला. हा लहान होता असं डॉक्टर म्हणाले. त्यात तो शब्दही गेला. गिळणंही जवळजवळ गेलं, आता नाकातून नळी आहे. डावा हात थोडा हलतो. घरी आणलं त्या संध्याकाळी रूबेन पलंगाच्या कडेला बसून राहिला. "आई, काहीतरी म्हण," तो म्हणत होता. "नको म्हण. नुसतं नको तरी म्हण." काकू त्याच्याकडे बघत होत्या. सायलीनं त्याला उठवून बाहेर नेलं.

तेव्हापासून असंच चाललंय. रूबेन अजून चर्चला जात नाही. सायलीची कंबर धरते, दोघांची भांडणं होतात, आमच्या घरापर्यंत ऐकू येतात. काकूंना एखाद्या संस्थेत ठेवावं का, यावर बोलणं निघतं आणि तसंच अर्धवट राहतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजन द्यायला येतात. भाकरीचा कण काकूंना गिळता येत नाही, म्हणून द्राक्षरसाचं बोट ओठांना लावतात. बरं होणार नाही, हे आता कुणी लपवत नाही.

आणि तरी मी दुपारी दार ढकलून आत गेले की त्या आधीच दाराकडे बघत असतात. डोळ्यांत अशी काही चमक असते, की मी चप्पल काढेपर्यंत मलाच हसू येतं. एकदा मी विचारलं, "काकू, अजून बोलता का हो त्याच्याशी?" त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. सावकाश. मग पुन्हा मिटल्या, आणि बराच वेळ उघडल्या नाहीत.

मी ख्रिस्ती झालेले नाही, होईन असंही वाटत नाही. सासूबाईंना ते सांगून मोकळी झालेय, कारण त्यांना काळजी लागली होती. पण परवा शाळेत फार वाईट दिवस गेला. एका मुलीचं लग्न ठरवून घरच्यांनी तिला शाळेतून काढलं, आणि मी काहीही करू शकले नाही. येताना जिना चढले, पर्समध्ये किल्ली शोधली, आणि माझं दार तसंच बंद ठेवून समोर गेले. काकूंच्या पलंगाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात हलवत हलवत माझ्या केसांपर्यंत आणला. सायली दुकानातून येईपर्यंत मी तिथेच बसून होते.