पॅरिसमधलं कांद्याचं सूप
आई अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्याकडे आली, तेव्हा नवऱ्यासह तिघांनी युरोपला जायचा घाट मीच घातला. बाबा गेल्यापासून ती कुठेच गेली नव्हती. पण आई पक्की शाकाहारी, केकमध्ये अंडं आहे का तेही विचारून घेणारी. "मी विचारल्याशिवाय तुझ्या ताटात काही येणार नाही," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

रोममध्ये पास्ता तिला कच्चा वाटला. "शिजायचा राहिलाय गं," म्हणून तिनं तो बाजूला सारला. व्हिएन्नात बटाट्याच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. वेटरच्या मते ते मांस नव्हतंच, फक्त चवीपुरतं होतं! झुरिकमध्ये साधं पाणी मागितलं तर फसफसणारं आलं. सोबतचा चिवडा आणि दशम्या तोवर संपल्या होत्या. आई केळी आणि कॉफीवर दिवस काढत होती आणि वर "मला भूकच नाही" म्हणत होती. मी तिच्यावर चिडायचे, मग स्वतःवर.

पॅरिसमध्ये तिला चालता चालता चक्कर आली. समोर दिसलं त्या हॉटेलात आम्ही शिरलो. मेनूत कांद्याचं सूप होतं. कांद्याच्या सुपात कांदाच असणार, असं मी धरून चालले. आठवडाभर प्रत्येक वेटरला तेच तेच विचारून मी वैतागले होते. त्या दिवशी विचारलं नाही.

आईनं पूर्ण वाटी संपवली. आणखी एक मागितली. तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली, तेव्हा मला रडूच आलं.

"कसं करतात विचार ना," ती म्हणाली. वेटरनं कौतुकानं सांगितलं, "गाईची हाडं दिवसभर उकळायची. सगळी चव त्यातच."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, वेळ लागतो."

मुक्कामाच्या हॉटेलवर परतल्यावर लिफ्टपाशी मी नवऱ्याला गाठलं. "यार, आता सांगून काय होणार?" तो म्हणाला. "तिची ट्रिप स्पॉइल होईल. लेट इट गो." त्याचं बरोबर होतं. पण ती त्याची आई नव्हती.

नेपरव्हिलला परतल्यावर सांगेन, असं मी ठरवलं. रोज सकाळी ठरवायचे आणि चहा ओतताना धीर सुटायचा. ती फोनवर मावशीला सांगायची, "अगं, लेकीनं सगळं विचारून विचारून खायला घातलं."

मग तिनं जाहीर केलं की चातुर्मासात कांदा बंद होण्याआधी, कांदेनवमीला, भारतात परतून तिच्या बिल्डिंगमधल्या बायकांना भजीऐवजी हेच सूप करून घालणार. त्याची तयारी माझ्या स्वयंपाकघरात सुरू झाली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ती तासतासभर कांदा परतत उभी असायची. बटर घातलं, चीज घातलं, पाव भाजून वर ठेवला. चव घेतली की मान हलवायची. तीनदा केलं.

चौथ्यांदा तिनं डाव खाली ठेवला. "खरं सांग, त्यात आणखी काय होतं?"

हीच वेळ होती. तिचे डोळे कांद्यानं लाल झाले होते.

"काही नाही गं आई. कांदाच."

ती खुर्चीत बसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग वय झालं माझं. हाताची चव गेली."