लूमवरचे गवई आणि माझे व्याही

माझ्या लेकीचं लग्न दोन परदेशी म्हाताऱ्यांनी जमवलं. त्या दोघांना हे अजून माहीत नाही.

आमची जागृती आणि बमरोलीच्या रघुनाथ आबांचा हर्षल एकाच ऑफिसात साड्यांची डिझाइनं काढतात. काढता काढता त्यांनी एकमेकांना पसंत करून टाकलं. दोन्ही घरं खानदेशातली, दोन्ही घरं सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, जिवावर जगलेली, भाजीतलं तिखटसुद्धा सारखं. घोडं अडलं होतं फक्त माझ्यापाशी. मध्यस्थानं माझ्या बायकोला, सुमनला, बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी सोनं आहे वहिनी. पण आबा म्हणतात, तिचा बाप फेकाड्या आहे."

आता मी फेकतो हे खरं आहे. (सुरतेतल्या आमच्या अख्ख्या उधन्यात माझ्याइतकं लांब फेकणारा दुसरा नाही. हेही मीच पसरवलंय.) माझ्या लूमवरचा कापडाचा ताका एकदा इतका तलम निघाला, की शेठनं तो हातात घेतला आणि हातात काहीच लागेना म्हणून माझ्यावर चोरीचा आळ आणला. ही गोष्ट मी कोणालाही सांगतो. आबा मात्र कारखान्यात मुकादम. शब्द असा जपून वापरणार, की जणू रेशनवर मिळालाय. असा माणूस माझ्या घरी पोरगं का देईल? तीनदा निरोप गेला, तीनदा उत्तर आलं, "बघू."

मग हर्षलनं डोकं चालवलं. इलेक्ट्रॉनिक संगीत ज्या लोकांनी पहिल्यांदा सुरू केलं, त्यांतले दोघे, परदेशी नवरा-बायको, सुरतेत कार्यक्रम करणार होते. त्याचे पास त्यानं मिळवले. दोन्ही घरांनी मिळून ऐकायचं, नंतर मिळून जेवायचं, म्हणजे बोलणी आहेत असं कोणालाच वाटणार नाही.

"पण हे लोक वाजवतात काय?" मी जागृतीला विचारलं.

आमच्या घराच्या भिंतीला कारखान्याची भिंत. त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ती तोंडात पिना धरून वेणी घालत होती. ती म्हणाली, "पप्पा, आयुष्यभर लूपवर काम केलंय त्यांनी."

मला ऐकू आलं, लूमवर.

"कोणत्या?"

"सगळ्या प्रकारच्या. त्यांचे तर जगभर वापरतात लोक."

माझे डोळे भरून आले. आपल्या धंद्यातली माणसं एवढी पुढे गेली आणि आपण अजून उधन्यातच! सुमननं बजावलं होतं की लग्न ठरेपर्यंत एकही फेक मारायची नाही. पण ही फेक कुठे होती? मी आबांना फोन लावला.

"आबा, ते दोघं आपल्यातलेच. लूमवर होते. आता लूमवरच गाणं वाजवतात."

आबांनी त्यांच्या कारखान्याच्या खडखडाटावर आवाज चढवला.

"बापू, खरं का?"

"देवाशपथ, खरं सांगस मी."

"येतो मग. पण लूम दिसला पाहिजे."

कार्यक्रम कारखान्याच्या सुटीच्या दिवशी होता. सुटी म्हणजे आमच्यासारख्यांना शिक्षा. मशीन बंद, त्यामुळे डोळ्याला डोळा लागत नाही. तारवटलेल्या डोळ्यांनी आम्ही हॉलमध्ये शिरलो. आबा रांगेच्या टोकाला, भिंतीलगत. त्यांच्या डोक्याशी साउंडवाल्यांनी स्विचचा तात्पुरता बोर्ड ठोकलेला. आबांच्या शेजारी मी, मग सुमन, मग पोरं.

पडदा उघडला. स्टेजवर एक टेबल, टेबलावर वायरींचा गुंता आणि त्यामागे पांढऱ्या केसांची दोन माणसं, घरातला मिक्सर बिघडल्यासारखी वाकून बघताहेत.

"बापू," आबा म्हणाले, "लूम?"

"येईल."

"कुठून?"

"मागे असेल. जड वस्तू आहे आबा, अशी लगेच कशी ढकलत आणतील?"

"धोटा कुठे दिसत नाही."

"परदेशात बिनधोट्याचे लूम."

"आणि सूत?"

मी हळूच सुमनच्या मांडीवरून वाकून जागृतीला विचारलं, "लूम कधी आणणार?"

"लूम कसला? लूप, पप्पा, लूप. आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहायचा."

सुमननं ते ऐकलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी सरळ बसलो. "आते तरी चूप बठा," एवढंच ती म्हणाली.

जन्मात एकदा खरं बोललो होतो आणि तेच खोटं निघालं. आबांकडे चोरून पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. संताप गिळत असणार. कार्यक्रम संपला की उठतील, राम राम करतील आणि जागृतीचा विषय कायमचा बंद. पोरीच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना. मी मनातल्या मनात माफीचं भाषण जुळवायला लागलो. स्टेजवर मघापासून सुरूच होतं, खट्-खटाखट्, खट्-खटाखट्. अगदी घरच्यासारखं. भाषणाच्या दुसऱ्या वाक्यावर मला झोप लागली.

तुम्हाला एक सांगतो. लूमवाला आवाजानं उठत नाही, आवाज थांबला की उठतो. तसा तो थांबला. त्या दोघांनी गाण्याच्या ऐन मध्यावर सगळं गप्प केलं, दिवेही मालवले. (ही कला असते, हे मला नंतर कळलं.) मी ताडकन उभा राहिलो आणि वीज गेली की, ती परत येताना मशीन जळू नये म्हणून, कारखान्यात ओरडतो तसा ओरडलो, "लाइट गयी! स्विच पाडा!"

शेजारून आवाज आला, खट्.

आबा उभे होते. डोळे अजून मिटलेले, हात बोर्डवर. आबा संतापलेले नव्हतेच. आबा माझ्याही आधी झोपले होते. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी हुकूम पाळला होता.

स्टेजवर बाईंनी बटण फिरवलं. काही नाही. म्हाताऱ्यानं फिरवलं. काही नाही. पुढच्या रांगेतले एक गुजराती काका हळूच म्हणाले, "वाह, शुं सायलेन्स छे!" दोन पोरं टॉर्च घेऊन आमच्याकडे धावली.

"बोर्ड किसने बंद किया?"

आबा जागे झाले. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. पलीकडून हर्षल बघत होता. ज्या माणसाच्या नजरेला अख्खा कारखाना घाबरतो, त्याच्या कपाळावर घाम आला.

मी म्हटलं, "मैंने किया."

"क्यों, चाचा?"

"वायर से धुआँ निकल रहा था."

"कहाँ है धुआँ?"

"अब कैसे होगा? इसीलिए तो बंद किया."

पोरगा वायरीपाशी वाकला. दुसऱ्यानं नाक पुढे केलं आणि म्हणाला, "हाँ यार, थोड़ी बास तो आ रही है."

देव असतो, आणि तो कधीकधी फेकाड्यांच्या बाजूनं असतो. त्यांनी वायर बदलली, बोर्ड चालू केला, संगीत सुरू झालं, आणि हॉलनं त्या शांततेसाठी टाळ्यांचा कडकडाट केला. पोरानं जाता जाता आबांना विचारलं, "अंकल, ये आपके साथ हैं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द रेशनवरचे, त्यामुळे वेळ लागला.

"हाँ," ते म्हणाले. "हमारे व्याही हैं."

सुमननं माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की बोटांचे वळ दोन दिवस राहिले. जागृतीनं ओढणीत तोंड लपवलं. माझ्या छातीवरून अख्खा लूम उतरला.

बाहेर पडताना आबा हळूच म्हणाले, "बापू, तुम्ही खोटं फार बोलता."

"हो आबा."

"पण वेळेवर बोलता."

लग्न थाटात झालं. अडचण आता वेगळीच आहे. आबा प्रत्येक लग्नाकार्यात ती गोष्ट सांगतात. सुरुवातीला धूर होता. जामनेरच्या साखरपुड्यात ज्वाळा झाल्या. परवा नंदुरबारला मी त्या परदेशी बाईंना खांद्यावर टाकून बाहेर काढलं. राहवेना म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तसं काही झालं नाही हो. आबांनीच झोपेत स्विच पाडला होता."

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग सुमन सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अहो, पुरे आता. आबांसारख्या खऱ्या माणसावर तरी फेकू नका."