आधी उलटं फिरव

बाबांचं झाकण बसेना.

म्हणजे त्यांच्या अस्थिकलशाचं. स्टीलचा कलश, आट्यांचं झाकण.
नागपूरला निघायचं, टॅक्सी खाली येऊन थांबलेली, आणि मी इथे परदेशात, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसून झाकण पिळतेय.

तिरकं बसलं. काढलं. परत तिरकं.

बाबा गेल्यापासून मला एका जागी बसवतच नाहीये.

"जोर लावू नकोस गं," आई म्हणाली.
मी लावला. झाकण अर्ध्यात अडकलं.

विमानात उघडलं तर? बाबा बॅगभर सांडले तर?
रडू येईना, नुसता संताप.

त्यात हे नेमकं बाबांच्याच बाबतीत व्हावं!

माझे बाबा रायफलच्या कारखान्यात लेथवर होते. नळीच्या तोंडाशी आटे पाडायचे. त्यावर मझल ब्रेक बसतो, बंदुकीचा धक्का कमी करणारा तुकडा.
"तो केसभर तिरका बसला ना, तर गोळी त्यालाच घासते," ते सांगायचे. "मग चालवणाऱ्याचंच काही खरं नाही."

म्हणून बसवून बघताना आधी उलटं फिरवायचं. आटा आट्यात पडला की हाताला टक्क जाणवतं.
मग सुलट.

रिटायर होऊन इकडे आले, पण सवय सुटली नाही. लोणच्याची बरणी, शाम्पू, माझी ऑफिसची बाटली. वन-नॉर्थला ऑफिसला जायला मला उशीर होतोय, MRT ट्रेन चुकतेय, आणि हे दारात उभे राहून बाटली उलटी फिरवतायत.

आईने काही बंद केलं की बाबांचं ठरलेलं वाक्य, "परत कर."

आई वैतागायची. "अहो, बाटली आहे ती! बंदूक नाही!"

आज आईने कलश माझ्या हातातून घेतला.
अडकलेलं झाकण हळूच सोडवलं. पदराने कडा पुसली.
डोळे मिटून झाकण उलटं फिरवलं.

टक्क.

मग सुलट. दोन बोटांनी. अलगद बसलं.

"बसलं हो," ती कलशाला म्हणाली. "आता परत कर म्हणू नका."

आणि थांबली. खरंच वाट बघत राहिली.


तेव्हा आई रडली. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा.

आता एअरपोर्टवर बसलोय. कलश तिच्या मांडीवर आहे. मी सारखी उठतेय, फेऱ्या मारतेय, येऊन झाकण चाचपतेय.
घट्ट आहे, बाबा.

तुमच्या हातांना मनापासून आदरांजली.
जय भीम.