'हाय' म्हणजे 'हो' नव्हे

मी ज्या कंपनीत दुभाषी होते, तिथं नव्या मुलांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगायची: जपानी माणूस फोनवर 'हाय' म्हणाला म्हणजे हो म्हणाला असं धरू नका. तो फक्त 'ऐकतोय' एवढंच म्हणाला. आमच्या एका इंजिनिअरने पलीकडून सारखं 'हाय, हाय' ऐकून सगळ्या गोष्टींना मंजुरी मिळाली असं समजून टीमला आठवडाभर कामाला जुंपलं होतं. पुढच्या फोनवर अत्यंत नम्रपणे कळलं की त्यातलं काहीच मंजूर नव्हतं. तेव्हापासून माझा उपदेश सक्तीचा झाला. त्या दिवसांत पुण्यात जपानी येणाऱ्याला भाव होता, आणि मी तो मनसोक्त खात होते, खोटं कशाला बोलू.

मायदेशी परतणाऱ्या एका जपानी साहेबाने सामान हलकं करताना मला मांगाचे, म्हणजे त्यांच्याकडच्या चित्रकथांचे, सात खंड दिले. त्या कथेत देश म्हणजे माणसं होती. सगळे देश डोंगरावरच्या एका जुन्या धर्मशाळेत राहतात, भांडतात, एकमेकांच्या उशा पळवतात. त्यांच्यात एक म्हातारा होता. तो नकाशावरून केव्हाच पुसला गेलेला देश, तरी मेलेला नाही. कोपऱ्यातल्या खोलीत बसून चहा करत असतो. त्याच्यातूनच फुटून निघालेला एक तरुण देश रोज सकाळी त्याच्या दारात येतो आणि विचारतो, "मी तुझा होतो तेव्हा माझं नाव काय होतं?" म्हातारा म्हणतो, "हाय." आणि त्याच्यापुढे चहा ठेवतो. बस, एवढंच. तिसऱ्या खंडापासून सातव्यापर्यंत हा प्रकार चालूच.

या एका 'हाय'वरून जगभरातले वाचक एका वेबसाइटवर वर्षभर भांडत होते. इंग्रजी भाषांतरात त्याचा 'हो' झाला होता, आणि नाव विचारलं तर कुणी 'हो' म्हणतं का? काहींचं म्हणणं, म्हाताऱ्याला सगळं आठवतंय, पण फुटून गेलेल्याला तो शिक्षा करतोय. काहींचं म्हणणं, देशाच्या आठवणी त्याच्या माणसांत असतात. माणसं पांगली की देशाचं डोकं रिकामं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून हे सगळं वाचायची. पस्तिशीतली संसारी बाई, भाजी गार होतेय आणि ही देशांच्या मनाचा विचार करतेय. पण मला त्या म्हाताऱ्याचा छंद लागला होता, आणि त्याचं कारण आमच्या घरातच होतं.

बिबवेवाडीत आई-अण्णा तळमजल्यावर राहायचे, आम्ही वरच्या. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अख्खं आयुष्य मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर कारकुनी करण्यात गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर एके सकाळी ते डबा मागायला लागले, गाळ्यावर जायचंय म्हणून. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आज वार कोणता. अण्णा त्यांच्याकडे काळजीने बघत म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही का?" आई पदराआड हसली. मला हसू आलं नाही. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले की वार, महिने, पत्ते आधी जातात, घरच्यांच्या ओळखी शेवटी जातात.

ते 'शेवटी' माझ्या डोक्यात घुसलं ते निघेच ना. शेवटी म्हणजे कधी? मी त्यांची एकुलती एक. एक दिवस असा येणार की ते माझ्याकडे बघतील आणि समोर कोणीतरी परकी बाई असेल. तो दिवस मला न सांगता येऊन जाईल याची मला भयंकर भीती वाटायची. बसमध्ये बसले की मनात यायचं, काल ओळखलं होतं, आज? मग मी रोज कंपनीच्या बसला जायच्या आधी खाली उतरून विचारायला लागले, "अण्णा, मी कोण?"

पहिले काही महिने ते हसून माझं नाव सांगायचे. मग नाव यायला वेळ लागायला लागला. मी त्यांचा हात धरून थांबायची, आणि नाव आलं की माझे डोळे भरून यायचे. मग एके दिवशी ते नुसतंच म्हणाले, "हाय." दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्याकडे टक लावून बघायचे, हातावर थोपटायचे आणि म्हणायचे, "हाय, हाय."

आई म्हणाली, "कशाला रोज खाजवून खरूज काढतेस? तुझी तोंडी परीक्षा झाली की ते दिवसभर उदास बसतात. मी काही विचारत नाही. चहा घ्या म्हणते, ते घेतात."

"आणि त्यांनी मला ओळखलं नाही तर?"

"तर काय, नापास करणारेस?"

आईचं बोलणं असंच, तुपात न बुडवता दिलेलं. मी ऐकलं नाही.

परीक्षेची मला जुनीच खोड. अण्णा हिंजवडीच्या पलीकडच्या खेड्यातले. मी तिसरीत असताना ते शाळेत बाईंना भेटायला आले आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय न्हवं?" मागच्या बाकावरून खसखस पिकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, 'हाय' नाही, 'आहे' म्हणायचं. 'न्हाई' नाही, 'नाही'. गाळ्यावरून दमून आलेला तो माणूस रोज संध्याकाळी मला धडा म्हणून दाखवायचा. चुकला की मी परत म्हणायला लावायची. महिन्याभरात ते पास झाले, आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांच्या तोंडून मी एकदाही 'हाय' ऐकलं नाही. आता जे परत आलं होतं, ते मला ओळखूच आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या कानांना तो क्लायंटचा 'हाय' वाटला: ऐकतोय, पण समजत काही नाही.

त्याच आठवड्यात मी त्या वेबसाइटवर म्हाताऱ्याच्या 'हाय'बद्दल एक लेख लिहिला. मी ठासून सांगितलं की इंग्रजी भाषांतरात 'हो' लिहिलंय ते साफ चूक आहे. मी रोज हेच काम करते. म्हातारा शिक्षाही करत नाही आणि काही लपवतही नाही. तो विसरलाय. त्याचा 'हाय' म्हणजे आवाज पोचल्याची नुसती पोच, आत घरात कुणी नाही. लेख फार गाजला. भलत्याभलत्या देशांतून लोकांनी कौतुक केलं, रडू आलं म्हणून कळवलं. फक्त एका बाईने विचारलं, "पण तो तरुण रोज का येतो? त्याला काय झालंय?" मी जरा फटकळपणेच उत्तर दिलं की प्रश्न तरुणाचा नाहीच मुळी, प्रश्न म्हाताऱ्याचा आहे.

मग एका रविवारी आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण, अजून गावातच राहणारी. त्यांची शेतं आता काचेच्या इमारतींखाली गेलेली, पण तिची भाषा जिथल्या तिथं होती. आई देवळात गेली होती. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते, आणि बाहेर अण्णा तिच्याशी चांगले घडाघडा बोलत होते, हे ऐकून मी गॅस बारीक केला.

आत्या म्हणाली, "दादा, पोरगी कुठाय रं तुजी?"

"हाय की. हितंच हाय, आत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पर तिचं काय खरं न्हाई."

"का रं? काय झालं?"

"इसारती. रोज सकाळी येती आन् इचारती, अण्णा मी कोन. सवताचं नाव ध्यानात ऱ्हाईना पोरीच्या. लई शिकली, डोक्याला तान आला."

"मग तू काय म्हन्तूस?"

"आधी नाव सांगत हुतो. सांगितलं की डोळ्याला पानी लावायची, आन् दुसऱ्या दिशी पुन्ना इसारायची. म्हून आता म्हन्तो, हाय. तू हायस बाळा, भिऊ नगं." मग आणखी हळू म्हणाले, "हिच्या आईला ठावं न्हाई. तू बी कुठं बोलू नगंस. सायबाला कळलं तर नोकरी जाईल तिची."

पोहे खाली लागले. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबून रडले. इतके महिने मी समजत होते की भीती माझी आहे आणि विसर त्यांचा. तो म्हातारा माणूस रोज उठून माझी वाट बघत होता, आज तरी पोरीला आठवतंय का म्हणून, आणि मी रोज जाऊन त्याला नाही म्हणून सांगत होते. माझं नाव त्यांना खरंच आठवत होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत नंतर झाली नाही.

दुपारी तिसरा खंड काढला. दारातलं ते चित्र मी शंभरदा पाहिलं असेल, पण कायम म्हाताऱ्याचा चेहरा बघत. या वेळी तरुणाकडे बघितलं. त्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. चित्रकाराने बोटांची पेरंसुद्धा पांढरी ठेवली होती, आणि त्याच्यापुढचा चहाचा कप दर वेळी भरलेलाच होता. वेबसाइटवरचा लेख काढून टाकावासा वाटला. काढला नाही. त्या बाईला मात्र लिहिलं की तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि मी उत्तर उद्धटपणे दिलं.

सोमवारी सकाळी खाली उतरले. अण्णा खिडकीशी बसले होते. मला बघताच त्यांचा चेहरा आक्रसला. रोज आक्रसायचा, मला वाटायचं, परीक्षेची धास्ती. मी त्यांच्या शेजारी बसले, हात हातात घेतला आणि काही विचारलं नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "मी तुमची पोरगी हाय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघत विचारलं,

"आलं ध्यानात?"

"आलं."

त्यांनी श्वास सोडला, खांदे सैल पडले. मग आतल्या बाजूला तोंड करून आईला हाक मारली, "अगं, च्या टाक हिला. आज बरी हाय पोरगी."