वरपर्यंत न पोचलेलं पाणी

माझा आजार माझ्या मुलीच्या शाळेत सापडला. आठवीच्या वर्गात सिकलसेलची तपासणी झाली, तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि ती वाहक निघाली. वाहक म्हणजे तिला त्रास काही नाही, पुढेही बहुतेक होणार नाही, असं सिस्टरनं नीट समजावून सांगितलं. पण आईवडिलांचं रक्त तपासावं लागेल म्हणाली. बायकोचा, सुनंदाचा, रिपोर्ट चांगला आला. माझा रिपोर्ट वाचून गोंदियाच्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, इथंच जवळ गोरेगावला राइस मिलमध्ये हमाली करतो. त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले की मी वाहक नाही, मला आजारच आहे, आणि तो जन्मापासून आहे. मी सुनंदाकडे पाहिलं. ती दुसऱ्याच कुणाबद्दल तरी ऐकत असल्यासारखी बसली होती.

मी चाळिशीला आलेला माणूस. लहानपणी माझे सांधे दुखायचे, धानाच्या रोवणीच्या दिवसांत पावसात भिजलो की रात्रभर कण्हायचो, डोळे पिवळे व्हायचे. आई म्हणायची, वात आहे. मोहाचं तेल गरम करून चोळायची, कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायची. मोठा झाल्यावर मी दुखण्याकडे पाहणं सोडून दिलं. दुखतं ते सगळ्यांनाच दुखत असेल, असं मी धरून चाललो होतो. आता डॉक्टर सांगत होते की माझ्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि उजव्या खुब्याचं हाड त्यामुळे खराब व्हायला लागलं आहे. रोज गोळी घ्यायची, भरपूर पाणी प्यायचं, फार थंडी आणि फार ऊन टाळायचं आणि ओझं उचलायचं काम सोडायचं. बाकी सगळं मी ऐकलं. शेवटचं वाक्य जणू कानाबाहेरच राहिलं.

ज्यानं हमाली केली नाही त्याला हे कसं सांगावं कळत नाही. धानाचं पोतं पाठीवर घेऊन अरुंद फळीवरून थप्पीच्या माथ्यापर्यंत चढायचं, तिथं ते नेमकं बसवायचं आणि रिकाम्या पाठीनं खाली यायचं. आमच्या टोळीत माझी थप्पी सरळ लागते असं लोक म्हणत. जावई म्हणून सासुरवाडीला गेलो तरी सासरे माझ्या खांद्यांचं कौतुक करायचे. हे काम सोडलं तर मी कोण उरणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. सुनंदा म्हणत होती, उद्यापासून जाऊ नका. आमच्या टोळीचे मुकादम घनश्यामभाऊ म्हणत होते, बिमारी कोणाले नाही, कमी उचल, पर काम सोडू नको. दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. मी सकाळी एकाचं ऐकायचो, संध्याकाळी दुसऱ्याचं.

महादेवावर माझी भक्ती वडिलांपासूनची. महाशिवरात्रीला आम्ही आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला जातो. डोंगरावर महादेव आहे, दर्गाही आहे, दोन्हीकडे माणसं लोटतात. चढताना लोकांचे घसे कोरडे पडतात म्हणून पिण्याच्या पाण्याची भरलेली कॅन खांद्यावर घेऊन वर न्यायची, ही माझी दरवर्षीची सेवा होती. त्या वर्षी मी मनाशी ठरवलं की निर्जळ उपास करायचा आणि कॅन घेऊन चढायचं. वर पोचलो तर महादेवाची मर्जी आहे, काम चालू ठेवायचं. नाही पोचलो तर सोडायचं. हे मी सुनंदाला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "देवाले कायले कोड्यात टाकता?"

शिवरात्रीच्या पहाटे थंड पाण्यानं आंघोळ केली. थंडी टाळा, पाणी प्या, हे डॉक्टरांचे शब्द आठवत होते. पण मला वाटलं, ज्याच्यासाठी करतो आहे तो सांभाळून घेईल. गावातल्या लोकांबरोबर पिकअपमध्ये बसून गेलो. पायथ्याशी पूजेच्या सामानाची दुकानं लागली होती, भोंग्यावर भजन चाललं होतं. ऊन चढायला लागलं होतं. कॅन खांद्यावर घेतली आणि नमः शिवाय म्हणत निघालो. सुरुवातीला इतकं हलकं वाटत होतं की मला हसू आलं. उत्तर मिळालं, असं मी धरूनही टाकलं होतं. गावातली माणसं मागे राहिली आणि मी एकटाच पुढे निघालो.

निम्म्याहून थोडं वर गेलो असेन. खुब्यात एक कळ आली. दुखणं मला नवं नव्हतं, पण ही कळ वेगळी होती. ती मांडीतून पाठीत गेली, पाठीतून छातीत आली, आणि श्वास घेतला की आत काहीतरी चिरत गेल्यासारखं वाटायला लागलं. कॅन कशी खाली ठेवली आठवत नाही. मी पायरीच्या कडेला दगडावर आडवा झालो होतो आणि माणसं मला वळसा घालून वर जात होती. कुणी म्हणालं, उपासानं चक्कर आली असेल. कुणी हर हर महादेव म्हणून माझ्या अंगावर बेलाचं पान टाकलं. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी इथं मरणार आहे. भीतीच्या आधी मला नवल वाटलं, की हे असं असतं तर.

तेवढ्यात एक बाई माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. साठीच्या आसपासची, नऊवारी लुगडं, खांद्याला कापडी पिशवी. तिनं काही न विचारता अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"सिकल हाये का तुले?"

मी थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिलो. मला स्वतःला जो शब्द थोड्याच महिन्यांपूर्वी कळला, तो ही डोंगरावर भेटलेली बाई माझ्या डोळ्यात पाहून बोलत होती. मी मान हलवली. सकाळपासून पाणी प्यायलास का, तिनं विचारलं. मी कसंबसं सांगितलं की निर्जळ आहे. तिनं पुढं ऐकून घेतलं नाही. माझ्याच कॅनचं झाकण उघडलं, पिशवीतला पेला काढून भरला आणि माझ्या तोंडाला लावला. मी ओठ मिटून घेतले. उपास मोडेल, एवढंच डोक्यात होतं.

"तोंड उघड," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. पण तो ऐकला आणि माझं तोंड उघडलं. लोकांसाठी वर नेत असलेलं पाणी मी लहान मुलासारखा घोट घोट पीत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती उठली आणि वर चाललेल्या तरण्या माणसांना तिनं हातानं अडवलं. दर्शन नंतर होईल, याले आधी खाली न्या, असं ती प्रत्येकाला एकाच सुरात सांगत होती. चौघांनी माझ्याखाली हात घातले. इतकी वर्षं मी ओझी उचलली, मला कुणी उचलल्याचं मात्र आठवत नव्हतं. कुण्या अनोळखी माणसाच्या छातीशी माझं डोकं टेकलं होतं, त्याचा घाम माझ्या कपाळाला लागत होता, आणि मी वर जायच्या ऐवजी खाली चाललो होतो.

पायथ्याशी आरोग्य पथक होतं. त्यांनी सलाइन लावलं, ऑक्सिजन दिला आणि ॲम्ब्युलन्सनं दवाखान्यात पाठवलं. ती बाई आपणहून माझ्यासोबत गाडीत बसली. सुनंदा येईपर्यंत दिवसभर ती माझ्या खाटेशी होती. दुखणं उतरू लागलं तसं तिच्याबद्दल कळत गेलं. नाव सायत्राबाई, गाव चिचगडच्या बाजूला जंगलातलं. तिच्या मुलाला हाच आजार होता. तो लाकूड भरायच्या कामाला जायचा. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं, तिनं स्वतः नाही म्हटलं होतं, आणि तो दरवेळी म्हणायचा की एवढा हंगाम झाला की सोडतो. मागच्या उन्हाळ्यात कामावरच त्याच्या छातीत असंच दुखलं. तिला निरोप मिळाला तोवर सगळं संपलं होतं. त्यानंतरची ही तिची पहिलीच शिवरात्र होती.

सलाइन लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं तिच्या पायांना स्पर्श करायला वाकलो आणि म्हणालो, माय, तुझ्या रूपानं महादेवच आला. तिनं पाय मागे घेतले.

"मले देव नको करू, बाबू," ती म्हणाली. "मी देव असती तं माह्या पोराले वाचवलं असतं."

सुनंदा तेव्हा नुकतीच दारात येऊन उभी राहिली होती. तिला खाटेशी जागा करून देत सायत्राबाईनं मला विचारलं, ओझं घेऊन वर काऊन चालला होतास? मी सगळं सांगितलं. काम सोडू की नको हे देवाला विचारायचं होतं म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून ती नजर आठवते.

"डॉक्टरनं सांगतलं. बायकोनं सांगतलं. आता आंगानं सांगतलं. आणखी कोणाच्या तोंडून पाह्यजे तुले?"

ती जायला निघाली तेव्हा मी म्हटलं, तुझं दर्शन राहिलं की. ती म्हणाली की ती दर्शनाला आलीच नव्हती, महादेवाशी भांडायला आली होती. मग सुनंदाच्या गालावरून हात फिरवून ती एसटी पकडायला निघून गेली.

बरा झाल्यावर मी मिलमध्ये गेलो ते काम सोडायलाच. वाटलं होतं घनश्यामभाऊ चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की त्यांच्या धाकट्या भावाचे डोळेही असेच पिवळे राहतात, तपासणी कुठं करतात ते सांग. मी तिथंच पोत्यावर बसून राहिलो. समोर माझ्या जागी दुसरा माणूस फळीवरून चढत होता, थप्पी लागत होती, मिल नेहमीसारखी चालली होती. माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं. त्याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि मी रडलो. भाऊंनी पाण्याचा ग्लास आणून दिला.

आता गोरेगावच्या आठवडी बाजारात सुनंदा आणि मी पोहे-मुरमुऱ्यांचं दुकान मांडतो. बाकीचे दिवस घरासमोर बसतो. मिळकत पूर्वीइतकी नाही. दुखणं गेलेलं नाही, गोळी चालू आहे, काही सकाळी खुबा उठू देत नाही. सिकलसेल बरा झाला असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. तेवढ्या गर्दीतून नेमकी तीच बाई माझ्यापाशी कशी थांबली, हे मला आजही उलगडत नाही, आणि मी ते उलगडायच्या मागेही लागत नाही.

यंदाच्या शिवरात्रीला मी प्रतापगडला गेलो. घरून निघताना पोटभर पाणी पिऊन. सुनंदानं दवाखान्यात घेऊन ठेवलेल्या नंबरवर सायत्राबाईला फोन केला होता, ती पायथ्याशी आली. मी वर येणार नाही म्हटल्यावर तिनं चपला काढून माझ्यापाशी ठेवल्या आणि एकटीच चढू लागली. मी झाडाखाली तिच्या झिजलेल्या चपला मांडीशी घेऊन बसलो. येणारेजाणारे पाहत होते. या वर्षाची माझी सेवा एवढीच होती आणि ती मला कमी वाटली नाही.

उन्हं कलता कलता ती उतरली. कपाळाला भस्म होतं. दोन बोटांनी तिनं त्यातलंच थोडं माझ्या कपाळाला लावलं. मी भीतभीत विचारलं, भांडलीस का माय?

"नाही भांडली," ती म्हणाली. "मागतलंही नाही काही. पाया पडली न् आली."

तिनं चपला घातल्या. मी डोंगराकडे तोंड करून हात जोडले. काय मागावं ते मलाही सुचलं नाही.