भाऊकाकांची न्हाणी

भाऊकाका टाइल विकत घेत नसत, तिची उलटतपासणी घेत. सगळी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेलेली. समोर जे येईल ते बिनतिकीटच असणार अशी त्यांची पक्की खात्री. मानिक चौकातल्या दुकानात ते टाइल उलटी करत, नखानं टिचकी मारून कानाशी धरत आणि म्हणत, "भैया, ये बोल नहीं रही. दूसरी दिखाओ." ते येताना दिसले की अर्धा चौक शटर ओढून घ्यायचा, असं मी सांगतो तेव्हा आमची ही म्हणते, वाढवून सांगू नका. बरं, पाव चौक.

काका मूळचे भुसावळचे. नोकरीनं त्यांना झाशीत आणलं आणि सुमनकाकूंनी इथंच ठेवून घेतलं. काकू झाशीतल्याच जुन्या मराठी घराण्यातल्या. बाथरूमला त्या न्हाणीच म्हणतात, आणि त्यांच्या धाकानं झाशीच्या नगरा भागातली आमची अख्खी गल्ली, बुंदेली शेजाऱ्यांसकट, न्हाणीच म्हणते.

त्याच न्हाणीत काकू घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लेक रेवती ग्वाल्हेरला असते, म्हणून ऑपरेशन तिकडेच झालं. टाके सुकले, हातात वॉकर आला आणि रेवतीनं फोनवर निकाल सुनावला, "बाबा, आई आता माझ्याकडेच राहील. त्या गुळगुळीत न्हाणीत मी तिला परत पाठवणार नाही."

"न्हाणी बदलली तर?"

"आधी बदलून दाखवा."

काका तडक माझ्याकडे आले. मी त्यांचा भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी. "प्रकाश, बायको परत आणायचीय," ते म्हणाले, "आणि पैसे सगळे तिच्या खुब्यात गेलेत." ठेकेदाराचा आकडा ऐकल्यावर मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढ्यात नवी बायको येईल!" आणि लगेच जीभ चावली.

त्यांनी आधी काहीच फोडलं नाही. अंगणाच्या भिंतीला लागून खडूनं न्हाणी आखली, अगदी खऱ्या मापाची. कमोड म्हणून खुर्ची मांडली, नळ म्हणून मला उभं केलं, आणि गल्लीतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांना बोलावणं धाडलं. झाशीच्या इतिहासात एवढ्या बायकांनी भर दुपारी, लुगड्यासकट, कोरडी आंघोळ कधी केली नसेल. काका प्रत्येकीला एकच विचारत, "अम्मा, गिरने के बाद की बात छोड़ो. गिरते-गिरते हाथ कहाँ जाता है, वो बताओ." अम्मा लाजत, हसत, पडल्याचं सोंग करत, हात जिथे टेकेल तिथे काका भिंतीवर खडूनं गोल काढत. संध्याकाळपर्यंत भिंतीला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. जिथे गोल दाट, तिथे धरायला दांडी लावायची, असं ठरलं.

दुकानातल्या चकचकीत दांड्या परवडणाऱ्या नव्हत्या. गावाबाहेर बिजौलीच्या एका कारखान्यात काकांनी उरलासुरला पाइप वाकवून घेतला. भिंतीत बसवल्यावर मजबुती तपासायला मला लोंबकळायला लावलं. मी तेव्हा हत्तीपेक्षा किंचितच हलका होतो. पाइप हलला नाही. माझा खांदा अजून दुखतो.

पैसा लावला तो फक्त जमिनीला. पाय घट्ट धरून ठेवील अशी खरबरीत टाइल घेतली. भिंतीला मात्र दुकानादुकानांतला उरलेला माल: कुठे कमळं, कुठे मासे, एका कोपऱ्यात चक्क द्राक्षं. आमचे मिस्त्री हल्के भैया थापी हातात धरून म्हणाले, "दद्दा, जा न्हाणी है कै बरात?" ही न्हाणी की वरात, तेच त्यांना कळेना.

"भैया, पाँव ज़मीन पे पड़ता है. दीवार पे कौन चलता है?" काका म्हणाले.

रेवती काकूंना घेऊन आली. चपला काढून ओल्या जमिनीवर पाय घासून पाहिला, प्रत्येक दांडी ओढून पाहिली, आणि तिचा चेहरा सैल झाला. काकांनी माझा हात दाबला. मग काकू वॉकर टेकत आत गेल्या आणि दार लोटलं. लगेच बाहेर आल्या.

"कडी कुठंय?"

"काढली," काका म्हणाले. "पुन्हा पडलीस तर दार फोडावं लागेल ना. रेवतीच म्हणाली."

"मी काय फलाटावर आंघोळ करतेय? रेवती, गाडी वळव."

"आई, कडी लावणार असशील तर मीच तुला इथे ठेवणार नाही!"

दोघी एकाच हाडाच्या. काका मधे उभे, कधी हिच्याकडे बघत, कधी तिच्याकडे. शेवटी त्यांनी हल्के भैयांना हाक मारली आणि दाराला कडी बसवून घेतली. काकूंना मोठ्यानं सांगितलं, "भक्कम आहे हं." रेवतीच्या कानात म्हणाले, "सगळ्यात बारके स्क्रू आहेत. खांदा लावला की निघेल. आणि मी बाहेर बसून राहीन, तिला बोलतं ठेवीन."

बसले की! रोज सकाळी दाराबाहेर स्टूल, हातात हिंदी पेपर, आणि त्यात नसलेल्या बातम्या. "सुमन, बिजौलीत एका बकरीनं कारखाना काढलाय. मला वॉचमन ठेवतेय."

आतून आवाज यायचा, "खोटं!"

"अगं, पगार चाऱ्यात देणार म्हणते."

"खोटं, खोटं!"

"खोटं" ऐकू आलं, की काकू उभ्या आहेत. आम्हीही भिंतीपलीकडे चहा पिता पिता तेवढं ऐकून घ्यायचो.

गेल्या हिवाळ्यात भाऊकाका गेले. तेरावं झाल्यावर रेवती म्हणाली, "आई, आता तरी चल." काकू म्हणाल्या, "माझी न्हाणी इथं आहे," आणि माझ्याकडे वळल्या. "प्रकाश, उद्यापासून पेपर घेऊन येत जा. त्यांच्या खालोखाल थापाड्या या गल्लीत तूच."

तेव्हापासून त्या स्टुलावर मी बसतो. परवा वाचत होतो, की किल्ल्यावरचं माकड नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहिलंय आणि घरोघरी फिरून शेंगदाणे मागतंय. आतून काही नाही. "बिनविरोध निवडून येणार म्हणतात," मी आवाज चढवला. काही नाही. पाण्याचा आवाजही थांबला. मी पेपर टाकला आणि दाराला खांदा लावला.

"थांब रे," काकूंचा आवाज आला. "पडले नाहीये. रडतेय. वाच तू."

मी पेपर उचलला आणि माकडाचं पुढे काय झालं ते वाचायला लागलो.