ओहोटी नसलेला समुद्र

मी समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या समुद्रावरच्या कादंबरीचे दोन भाग लोकांनी टाळ्या वाजवून ऐकले तेव्हाही मी तो पाहिलेला नव्हता, आणि तिसरा लिहिला तेव्हाही नाही.

आम्ही मूळचे अमरावतीचे. बाबा जयपूरला कॉलेजात इतिहास शिकवायला आले तेव्हा मी एवढीशी होते. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुम्हारे महाराष्ट्र में क्या है? त्यांच्याकडे महाल, हत्ती, किल्ले, सगळंच. मी एकदा बोलून बसले, हमारे यहाँ समुंदर है. अमरावतीत उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसतं, तिथे समुद्र कुठला! पण बोलले ते बोलले. मग रोज मधल्या सुट्टीत समुद्राच्या गोष्टी सांगणं आलं. त्यातूनच बेटावरची राणी निघाली, उडते मासे निघाले, आकाशात दोन चंद्र निघाले. मॅट्रिकनंतर बाबांनी मला हिंदी टायपिंगच्या क्लासला घातलं, घरी एक जुनं मशीन आणलं, आणि राणी कागदावर उतरायला लागली.

मी टाइप फार जोरात करते. बोटं पुढे पळतात, डोकं मागून येतं. लिहिलेलं परत वाचायचं असतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. बाबा ‘खर्डा’ म्हणायचे, तो मला वाटायचं फक्त रजेच्या अर्जाचा असतो. कादंबरीचा कसला खर्डा? कादंबरी म्हणजे सुचली की ठोकायची, कागद संपला की दुसरा लावायचा.

इथल्या मराठी लोकांचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो. कॉलेजातली मंडळी येतात, हॉस्पिटलमधले डॉक्टर येतात, आणि मिलिटरीतली कुटुंबं छावणीतून ट्रकमध्ये बसून येतात. संध्याकाळी आरती झाली की गाणी, नकला, मुलांचे फॅन्सी ड्रेस. बाबांनी कमिटीपुढे हट्ट धरून माझ्या वाचनासाठी रोज थोडा वेळ मागून घेतला. हॉस्पिटलमधले एक डॉक्टरकाका अगदी विरोधात होते. राक्षस आणि राण्या काय ऐकायच्या, मुलांना दोन अभंग शिकवा, असं त्यांचं म्हणणं. बाबा म्हणाले, आवडलं नाही तर पुढच्या वर्षी मी स्वतः बंद करतो.

आवडलं! मुलं तर प्रसाद सोडून पुढे येऊन बसायची. ज्यांना मराठी धड बोलता येत नाही ती माझा हात ओढून विचारायची, दीदी, रानी मरेगी क्या? दुसऱ्या वर्षी मी दुसरा भाग वाचला. त्याच्या शेवटी शत्रूची जहाजं राणीच्या किल्ल्याला वेढा घालतात. महिनाभर ती भिंतीला चिकटून उभी असतात, डेक बरोबर खिडकीच्या उंचीला. मग एका अंधाऱ्या रात्री राणीच्या पोरी खिडकीतून नुसतं पाऊल टाकून जहाजांवर उतरतात आणि सगळी जहाजं ताब्यात घेतात. मी वाचून थांबले, टाळ्या पडल्या. मग छावणीतल्या एका काकूंनी हात वर केला. त्यांचे यजमान सुभेदार, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं.

“मला एक सांग गो,” त्या म्हणाल्या, “जहाज महिनाभर खिडकीला टेकून राहिलं कसं? ओहोटीला खाली नाही गेलं?”

मी हातातली पानं चाळायला लागले.

“आकाशात दोन-दोन चंद्र टांगलेस, आणि पाणी जागचं हलत नाही?”

सगळा हॉल हसला. वाईट हसला नाही, पण हसला. माझे कान असे तापले की मला वाटलं, लोकांना दिसत असणार. कारण मला भरती-ओहोटी माहीत होती नं! भूगोलाच्या पेपरात मी चंद्राचं आकर्षण आकृतीसकट काढून मार्क मिळवले होते. पण ते भूगोलाच्या पेपरातलं पाणी. माझ्या डोक्यातलं पाणी होतं आमेरच्या किल्ल्याखालच्या तलावाचं, जिथे आमची सहल दरवर्षी जायची. तेच पाणी मी मोठं करत करत समुद्र केला होता. तलावाला कुठली ओहोटी?

तेवढ्यात बाबा उठले. “वहिनी, हेच तर रहस्य आहे,” ते म्हणाले. “तिसऱ्या भागात उलगडतं. मला माहीत आहे, पण आत्ता सांगणार नाही.”

आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? परत टाळ्या, आधीपेक्षा जोरात. डॉक्टरकाकासुद्धा म्हणाले, वा, म्हणजे पोरीने आधीपासून ठरवून ठेवलंय. काकू ‘असं होय’ म्हणाल्या आणि बसल्या.

तेव्हापासून त्यांचं नाव पडलं ओहोटीवाल्या काकू. हळदीकुंकवाला, दिवाळीच्या फराळाला, कुठेही दिसल्या की कोणीतरी विचारणारच, काय वहिनी, आज भरती की ओहोटी? त्या हसायच्या. मी ताटलीतल्या चकलीकडे पाहायची.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं होतं, कोणतं रहस्य? ते म्हणाले, तू लिही नं काहीतरी, पूर्ण वर्ष पडलंय. आता शब्द दिलाय मी. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, बाप्पा, बोलायचं यांनी आणि निस्तरायचं पोरीनं.

मी लगेच बसले आणि ठोकलं. एक जादूगार भरती-ओहोटीला पितळेच्या पेटीत कोंडतो, राणी पेटी उघडते, धाडकन डोंगराएवढी लाट येते, संपलं. मला इतकं आवडलं की शाई वाळायच्या आत आईपुढे नेलं. आई भेंडी चिरत होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “मंग पहिल्या दोन भागांत कोणालाच भरतीची आठवण काहून आली नाही? घरातलं मीठ संपलं तरी माणूस बोंबलते.”

म्हणून मी पहिला भाग काढून पहिल्या पानापासून वाचला. स्वतःचं लिहिलेलं पहिल्यांदाच. काय सांगू! माझा समुद्र उन्हाळ्यात आटतो. खरंच, मी तसं लिहिलं होतं, ‘ज्येष्ठात समुद्र निम्मा आटला’. काठाच्या चिखलात म्हशी बसतात. काठाला दगडी पायऱ्या आहेत, थेट आमेरसारख्या. आणि एक तहानलेला सैनिक वाकून समुद्राचं पाणी ओंजळीने पोटभर पितो, वर ‘गार वाटलं’ म्हणतो. हे सगळं मी माईकवर, आवाज चढवून वाचलं होतं. छावणीतल्या काकू पुढून तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होत्या, आणि त्यांनी विचारलं फक्त एक.

मी सायकल काढली आणि छावणीत गेले. काकू सुकट भाजत होत्या, गावाहून आलेली. दार-खिडक्या लावून, कारण शेजारचे लोक वासाने तक्रार करायचे. मी म्हटलं, ओहोटी कशी असते ते सांगा. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्या अशा खूश झाल्या, जसं कोणी माहेरच्या माणसाची खुशाली विचारली. त्यांची आई खाडीत तिसऱ्या काढायला जायची, शिंपल्यातल्या त्या तिसऱ्या. घड्याळ नव्हतं कोणाकडे. पाणी उतरायला लागलं की घराघरातून बायका टोपल्या घेऊन निघायच्या, कोणी कोणाला हाकसुद्धा मारायचं नाही. चुलीवरचं अर्धं ठेवून जायच्या. रोज वेळ सरकायची, तशा बायकाही सरकायच्या.

“आणि परत येतं तेव्हा?” मी विचारलं. “लाट येते का मोठी?”

“कसली लाट! येताना दिसतच नाही गो. तू टोपलीत बघतेस, वर मान करतेस, तर मघाचा दगड नाही.”

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “तुझ्या बाबांनी त्या दिवशी बरं सावरून घेतलं हो.” अगदी साधं म्हणाल्या. मी सायकलवर बसायचं विसरून ती हातात धरून क्वार्टरांची अख्खी लाइन चालत गेले.

मग मी पहिल्यांदा दुरुस्ती म्हणजे काय ते शिकले. पेटी फाडली. जादूगार ठेवला, पण आता त्याने भरती-ओहोटी पिढ्यांपूर्वीच थांबवलेली, आणि तो मुका, म्हणजे सांगणारं कोणी नाही. पहिल्या भागात म्हाताऱ्या बायका घातल्या: त्या टोपल्या घेऊन काठावर जातात, थोडा वेळ उभ्या राहतात आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत येतात. का जातात ते त्यांनाही आठवत नाही. त्यांच्या आया जायच्या म्हणून. म्हशी काढल्या, पायऱ्या काढल्या, सैनिकाला थुंकायला लावलं. एक गोष्ट बदलली की चार पानं पुढे दुसरी उसवायची. कापून, खळीने चिकटवून पानं पुठ्ठ्यासारखी झाली, तेव्हा सगळं पहिल्यापासून परत टाइप केलं. दुसरा भागही. वेढा तसाच राहिला, फक्त आता शत्रूच्या जहाजावरचा एक परदेशी खलाशी रोज पाण्याकडे पाहून घाबरतो, की हे पाणी मेलेलं आहे. मला इतकी मजा येत होती! आणि मजा आली की पाठोपाठ बोटं थांबायची. कारण जितकं छान जुळायचं, तितकं बाबांचं बोलणं खरं होत जायचं, आणि काकूंचा प्रश्न तितका खुळा दिसायला लागायचा. प्रश्न त्यांचा, टोपल्या त्यांच्या, दगडसुद्धा त्यांचा. आणि हुशार ठरणार मी.

तिसऱ्या वर्षी पहिल्या दिवशी मी मागच्या गोष्टीची आठवण म्हणून नव्या पहिल्या भागातलं थोडं वाचलं, टोपल्यांचं. डॉक्टरकाका शेजारच्यांना म्हणाले, हो हो, पहिल्या वर्षापासून आहे ते, माझ्या चांगलं लक्षात आहे. मी पुढचं पान उलटलं.

शेवटच्या दिवशी गोष्टीतलं पाणी परत आलं. लाट नाही, काही नाही. एक म्हातारी टोपली सावरते, वर पाहते, तर दगड नाही. मी वाचून थांबले, टाळ्या पडल्या. डॉक्टरकाका उभे राहिले आणि म्हणाले, दोन वर्षं एवढं रहस्य पोटात ठेवलं, कमाल आहे. बाबा म्हणाले, मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

मग डॉक्टरकाका मागे वळले. “काय ओहोटीवाल्या वहिनी, मिळालं नं उत्तर? कादंबरी ऐकायची म्हणजे थोडा धीर लागतो.”

सगळे हसले. काकूही हसल्या आणि पदर नीट करायला लागल्या, जो नीटच होता. माईक माझ्यापुढे चालू होता आणि मी जशी टाइप करते तशी बोलले. म्हटलं, रहस्य वगैरे काही नव्हतं, मला ओहोटी सुचलीच नव्हती, बाबांना काहीच माहीत नव्हतं, ते उगाच बोलले, काकूंचं बरोबर होतं आणि टोपल्या पण काकूंच्या आहेत.

 मग कोणीतरी प्रसाद वाटायला घेतला.

मला वाटलं होतं काकू जवळ घेतील. चपला घालताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, “हे काय केलंस? मला काय, मी हसते नि विसरते. बापाचं तोंड बघितलंस का?” आणि ट्रकमध्ये जाऊन बसल्या.

मी पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरकाकांचं तोंड पाहत होते.

टांग्यात बाबा पुढे टांगेवाल्याजवळ बसले. मी आणि आई मागे. नेहमी ते वाटेत भरभरून बोलतात, आज टांगेवालाच बोलत होता, चाऱ्याचे भाव. घर जवळ आलं तेव्हा बाबा मागे न पाहता म्हणाले, “मतलब, मी थापा मारतो, असंच समजले नं सगळे?”

“हो,” मी म्हटलं.

“एक-एक पान चार-चारदा दुरुस्त करते,” ते म्हणाले. “ते एक वाक्य तेवढं खर्ड्यातलंच बोलली.”

आई म्हणाली, पुरे आता. बाबा रागावले नव्हते, तेच वाईट. उतरल्यावर माझी फाइल त्यांच्याच काखेत होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि मशीनवरचं कापड नीट केलं.

त्यानंतर मी ते वाक्य किती तऱ्हांनी लिहून पाहिलं! काकूंना न्याय मिळेल आणि बाबांची मान खाली जाणार नाही, असं एखादं वाक्य असेलच नं? काकूंचं नाव आधी घेऊन पाहिलं. बाबांना अजिबात न आणता पाहिलं, पण मग सुरुवातीला उठून बोललं कोण, ते राहतंच. दोन भाग उलटेपालटे केले मी, पण हे एक वाक्य बसत नाही. चौथा भाग तसाच पडलाय.

काल कमिटीची मीटिंग झाली, या वर्षीच्या गणपतीची. बाबा गेले होते, आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. माझ्या वाचनासाठी वेळ मागितला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांना वरण वाढलं.